चकवा, वनचर आणि संकासूर : खोडकर अतिमानुषाच्या हुकलेल्या प्रवेशाविषयी

१

मराठीत 'चकवा लागणे' असा एक वाक्प्रयोग आहे. रात्रीच्या वेळी माळावरून किंवा रानवाटेने जाणारा माणूस ओळखीची वाट हरवून त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा येऊ लागला, की त्याला चकवा लागला असे म्हणतात. अशा वेळी चालणे थांबवावे आणि उजाडेपर्यंत जागच्या जागी बसून राहावे, अशी जुन्या माणसांची शिकवण. या वाक्प्रयोगाचे व्याकरण लक्षणीय आहे. चकवा बोलत नाही, हसत नाही, समोर येऊन उभा राहत नाही. तो 'लागतो', जशी ठेच लागते, तहान लागते, ऊन लागते. काही ठिकाणी त्याची गणना भुतांत होते हे खरे. परंतु तेथेही त्याला चेहरा, नाव, जात, मृत्यूची कथा यांपैकी क्वचितच काही लाभते. भाषेने त्याला व्यक्ती म्हणून ओळखण्यापेक्षा एक अनुभव म्हणूनच अधिक ओळखले आहे.

शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या सुखात्मिकेत (रचना सुमारे १५९५-९६) हाच व्यवसाय करणारे एक पात्र आहे. रात्रीच्या वाटसरूंना भलत्या वाटेला लावावे आणि त्यांच्या फजितीला हसावे, हे 'पक'चे एक नित्यकर्म असल्याचे त्याच्या पहिल्याच प्रवेशात सांगितले जाते. कृत्य तेच आहे. परंतु येथे कृत्याला कर्ता मिळाला आहे. त्याला नाव आहे, धनी आहे, आवाज आहे आणि मुख्य म्हणजे हसू आहे. मराठी लोकमानसात जे क्रियापद होऊन राहिले ते इंग्रजी रंगभूमीवर नाम झाले.

या भेदाची दोन स्पष्टीकरणे सहसा दिली जातात. एक असे की, मराठी लोकमानस भयप्रधान असल्यामुळे अतिमानुषाशी खेळण्याची वृत्ती त्यात रुजली नाही. दुसरे असे की, भक्तिपरंपरेने अद्भुताला देवत्वाच्या कक्षेत ओढून घेतल्यामुळे निव्वळ खोडकरपणासाठी जागा उरली नाही. दोन्ही स्पष्टीकरणे प्रकृतिधर्माची भाषा बोलतात, आणि कोकणातील दशावताराचा एकच प्रयोग त्यांना निरुत्तर करण्यास पुरेसा आहे. प्रश्न प्रकृतीचा नसून इतिहासाचा आहे. रंगभूमीवर अशा पात्राला जागा होती तेव्हा लोकांच्या मनातील भीती ओसरलेली नव्हती. आणि भीती ओसरू लागली तेव्हा रंगभूमीने ती जागा मोडून टाकली होती. हा काळाचा अनमेळ कसा घडला, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

प्रथम पकची पूर्वपीठिका ध्यानात घ्यावयास हवी. शेक्सपिअरने दोन निरनिराळ्या परंपरा या एका पात्रात एकत्र आणल्या. 'पक' हा शब्द प्राचीन इंग्रजीपर्यंत मागे जातो आणि मध्ययुगीन वाङ्मयात तो सैतानासाठी किंवा दुष्ट पिशाचासाठी योजलेला आढळतो. 'रॉबिन गुडफेलो' हा त्याहून वेगळा, घरगुती स्वरूपाचा अतिमानुष. तो रात्री दळण दळतो, घर झाडतो, मोबदल्यात दुधासायीची वाटी मागतो, आणि ती न मिळाल्यास दुधातले लोणी येऊ देत नाही. नाटकाच्या १६०० मधील मुद्रित प्रतीत याच पात्राचा उल्लेख कधी 'पक' तर कधी 'रॉबिन' असा येतो. पहिले नाव भयाचे, दुसरे सलगीचे. जोड कोठे दिली आहे हे त्या मुद्रणावरूनच दिसून येते.

ही जोड शक्य होण्याचा क्षण कोणता? रेजिनल्ड स्कॉट याने १५८४ मध्ये चेटूकविषयक समजुतींचे खंडन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वी लोक रॉबिन गुडफेलोला जितके भीत असत तितके आता भीत नाहीत, असे निरीक्षण तो त्यात नोंदवतो. त्यानंतर दहा-बारा वर्षांच्या आतच रॉबिन रंगभूमीवर आला. १६१६ मध्ये बेन जॉन्सनच्या 'द डेव्हिल इज अ‍ॅन अ‍ॅस' या प्रहसनात 'पग' नावाचा एक दुय्यम सैतान लंडनला येतो आणि तेथील माणसेच त्याला फसवतात. १६२८ पर्यंत रॉबिनच्या करामतींची स्वस्त चोपडी बाजारात आली होती. भीतीकडून हास्याकडे आणि हास्याकडून उपरोधाकडे असा हा प्रवास एका पिढीच्या आयुष्यात मावतो. कॅथरीन ब्रिग्ज यांनी १९५९ मधील 'द अ‍ॅनाटमी ऑफ पक' या ग्रंथात त्या काळच्या अतिमानुषविषयक समजुतींचा सविस्तर शोध घेतला आहे.

यातून दोन अटी हाती येतात. पहिली, भीती इतकी ओसरलेली असावी की तिला हसता येईल; पण इतकीही विझलेली नसावी की हसण्यासारखे काही उरणार नाही. दुसरी, रंगभूमीवर असे स्थान आधीपासून तयार असावे की जेथे एखादे पात्र कथानकाच्या आत राहूनही प्रेक्षकांशी थेट बोलू शकेल. पक हे दोन्ही करतो. प्रेमिकांच्या डोळ्यांत भलत्यालाच फुलाचा रस घालून तो कथानकाची गुंतागुंत करतो, आणि शेवटी एकटाच रंगमंचावर राहून प्रेक्षकांची क्षमा मागतो. मराठी परिभाषेत सांगावयाचे तर तो अर्धा विदूषक आणि अर्धा सूत्रधार आहे.

३

दुसरी अट मराठी रंगभूमीने आरंभीच पूर्ण केली होती. विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' (सांगली, १८४३) या नाटकापासून रूढ झालेल्या पौराणिक खेळांत सूत्रधाराच्या मंगलाचरणानंतर विदूषकाचा प्रवेश होत असे, आणि तो येत असे वनचराच्या वेषात. नाचत बागडत तो सूत्रधारापुढे येई, त्याच्या प्रश्नांना वाकडी उत्तरे देई, आणि त्यानंतर गणपती व सरस्वती यांचे आगमन होई. त्याची भाषणे लिहिलेली नसत. ती नटाच्या हजरजबाबीपणावर सोपवलेली असत. संस्कृत नाटकातील विदूषक हा राजाचा ब्राह्मण मित्र, खादाड आणि नागर. भाव्यांचा विदूषक मात्र रानातून येतो. या वेषांतराचे महत्त्व नाट्येतिहासात पुरेसे ओळखले गेलेले नाही. गावाबाहेरच्या अज्ञात रानाचा एक प्रतिनिधी प्रत्येक खेळाच्या उंबरठ्यावर हजर राहत होता. पकला मराठीत उभे राहावयाचे असते तर हीच जागा त्याची होती.

संस्कृत नाटकाने आणखी एक सोय उपलब्ध करून दिली होती. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात सानुमती ही अप्सरा अदृश्य राहून दुष्यंताचा पश्चात्ताप ऐकते. त्याच अंकात मातली अदृश्य रूपाने माधव्य या विदूषकावर झडप घालतो आणि त्याची पाचावर धारण बसते. माणसांना न दिसणाऱ्याने माणसांची गंमत पाहावी किंवा त्यांची फजिती करावी, हे पकचे दोन्ही व्यवहार येथे आहेत. फरक हेतूचा आहे. सानुमती शकुंतलेच्या कणवेने ऐकते. मातलीची दांडगाई दुष्यंताचे क्षात्रतेज जागे करण्यासाठी आहे. खोडी आहे, पण ती कार्याला जुंपलेली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये मराठी रंगभूमीवर आले, तेव्हा या अंकासह ही अदृश्यतेची परंपराही मराठी नाटकाच्या वारशात आली.

परंतु 'शाकुंतला'बरोबर जे नवे युग सुरू झाले त्याने वनचराला निरोप दिला. बांधीव संहिता, पाठ केलेली भाषणे, पात्रानुरूप गायन ही त्या युगाची मूल्ये होती. राक्षसांची आरडाओरड आणि विदूषकाच्या माकडचेष्टा यांमुळे जुन्या खेळांना सुशिक्षितांनी 'अललडुर्र' हे हेटाळणीचे नाव दिले. ती हेटाळणी सर्वस्वी अन्याय्य होती असे नाही. मात्र तिच्याबरोबर रंगभूमीच्या उंबरठ्यावरील रानाचे दारही बंद झाले.

याला केवळ अभिरुचीतील बदल म्हणून चालणार नाही. त्यामागे एक नैतिक कारणही होते. पकच्या खोडीचा गाभा हा विजोड जोडीचा आहे. ज्याने जिच्यावर प्रेम करू नये त्याने तिच्यावर करावे, राणीने गाढवाच्या मुंडक्यावर भाळावे, आणि प्रेक्षकांनी हसावे. एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात विजोड जोडी हा हसण्याचा विषय उरला नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' (१८९९) याच विषयावर उभे आहे. तेथेही विजोड जोडी जुळवणारा एक खटपट्या आहे, भद्रेश्वर दीक्षित. पण तो हाडामांसाचा दलाल आहे. त्याच्या हातात फुलाचा रस नाही. शारदेच्या बापाचा लोभ आणि भुजंगनाथाची वृद्ध वासना हीच त्याची साधने. या जागी एखादे अतिमानुष आणून बसवले असते, तर माणसांचा अपराध दैवाच्या पदरात पडला असता. देवलांच्या रंगभूमीने खोडकर अतिमानुषाला नाकारले ते कल्पनादारिद्र्यामुळे नव्हे. जबाबदारी माणसांवरच राहावी, या आग्रहापोटी ते घडले. हा आग्रह योग्य होता. त्याची किंमतही द्यावी लागली.

४

याच सुमारास लोकांच्या मनातील भीतीचे काय झाले होते, याची साक्ष एका वेगळ्याच दफ्तरात सापडते, आणि त्या दफ्तराचा संबंध नाशिकशी आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते. 'पंडित जॅक्सन' म्हणून ते ओळखले जात. लोकसमजुतींविषयीची प्रश्नावली तयार करून त्यांनी मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडून उत्तरे गोळा केली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेच्या शिक्षेचा संताप त्या कृत्यामागे होता. त्या रात्री रंगमंचावर 'शारदा' होते. जॅक्सन यांनी जमवलेल्या सामग्रीचे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संकलन केले. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९२४ मध्ये एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या प्रसंगाचा राजकीय अर्थ सर्वश्रुत आहे. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ संभवतो. एकाच शहरात, एकाच काळात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या : माणसाच्या अपराधाचा जाब माणसाला विचारणारी रंगभूमी, आणि चकवणाऱ्या, छळणाऱ्या, पिंपळावर बसणाऱ्या अतिमानुषांच्या समजुती नोंदवणारे दफ्तर. दोघांचा एकमेकांशी संवाद नव्हता. शाळामास्तरांच्या उत्तरांमधून जे जग दिसते ते मुंजा, वेताळ, खवीस, झोटिंग, हडळ, जखीण यांनी गजबजलेले आहे. स्कॉटने १५८४ मध्ये जी ओहोटी पाहिली ती कोकणात १९१५ पर्यंत आलेली दिसत नाही. पहिली अट पूर्ण झालेली नव्हती.

तरीही या नोंदींत हास्याचे बीज सापडते. गिऱ्ह्याचे उदाहरण घ्यावे. पाण्यात बुडून मेलेल्याचे हे भूत रात्री वाटसरूला भुलवते, नदी उतरणाऱ्याला हाका मारून खोल पाण्याकडे नेते. मात्र त्याच्या डोक्यावरचा केस ज्याच्या हाती लागेल त्याचा तो गुलाम होतो आणि मागेल ते आणून देतो. केस लपवून ठेवावा लागतो. तो परत मिळाला तर गिऱ्हा सूड उगवतो. राबणारा, वाट चुकवणारा आणि करार मोडताच उलटणारा हा जलचर रॉबिन गुडफेलोचा सख्खा भाऊ शोभावा. परंतु प्रश्नावलीची रचनाच अशी होती की भुते कोणकोणती, ती कशाने होतात, उतारा काय, हे तिने विचारले. गिऱ्ह्याच्या गोष्टी सांगताना लोक कोठे हसतात, हे विचारण्याची सोय तिच्यात नव्हती. मृत्यूच्या कारणानुसार केलेल्या वर्गीकरणात खोडीची कथा 'समजूत' होऊन गोठली. पुढील अभ्यासकांनी हेच साहित्य आधाराला घेतले, आणि मराठी लोकमानस भयप्रधान आहे, हा निष्कर्ष बव्हंशी या प्रश्नावलीच्या घाटातून निघाला.

५

नागर रंगभूमीने वनचराला घालवले आणि दफ्तराने गिऱ्ह्याला गोठवले. तरी खोडकर अतिमानुष मराठी प्रयोगपरंपरेतून नाहीसा झाला नाही. तो दशावतारात टिकला. दशावतारी खेळ्यांचा, त्यांतील स्त्रीवेषधारी पुरुषांचा उल्लेख 'दासबोधा'त येतो; म्हणजे सतराव्या शतकात हे खेळ सर्वपरिचित होते. तळकोकणातील दशावताराच्या पूर्वरंगात, ज्याला आडदशावतार म्हणतात, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव यांच्यामागून संकासूर येतो. पुराणातील शंखासुर वेद पळवणारा दैत्य. विष्णू त्याचा वध करून वेद परत आणतो. प्रयोगातील संकासूर या कथेच्या चौकटीत राहून तिची सर्व गंभीरता उधळून लावतो. अंगभर काळा वेष, तोंडावर मुखवटा, आणि मुखात मालवणी बोली. इतर पात्रे संस्कृतप्रचुर भाषेत बोलत असता हा एकटा प्रेक्षकांच्या भाषेत बोलतो, सूत्रधाराला उलटे प्रश्न विचारतो, समोर बसलेल्या गावकऱ्यांची टर उडवतो. पकला जे स्थान एलिझाबेथकालीन रंगभूमीने दिले तेच संकासुराला दशावताराने दिले आहे.

दोघांतील भेदही तितकाच बोलका आहे. पक रात्रीच्या रानात प्रेमिकांची दिशाभूल करतो; त्याची खोडी खाजगी आहे. संकासूर वेद चोरतो. त्याची खोडी सार्वजनिक आहे, ती ज्ञानाच्या अधिकाराला हात घालते. विद्येवर ज्यांचा वारसाहक्क त्यांच्या हातून पोथीच पळवली जाते आणि ज्यांना तिला शिवण्याची मुभा नव्हती ते हसतात. पकला शेवटी केवळ क्षमा मागावी लागते. संकासुराला मरावे लागते. पण मेलेला संकासूर पुढच्या गावी पुन्हा वेद चोरण्यास हजर असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील शिमग्याच्या खेळ्यांत तर तो पूज्य होतो. ज्याला पाहून पोरे पळतात त्याच्यापुढे घरोघरी नवस बोलले जातात. भीती, हसू आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी एकाच काळ्या वेषात नांदतात. भीती ओसरल्यावाचून हास्य संभवत नाही, हा इंग्लंडवरून काढलेला नियम येथे अपुरा ठरतो. पुराणकथेच्या चौकटीने भीतीला असे कुंपण घातले होते की तिच्या आत राहूनही हसता यावे.

चकव्याला आणि गिऱ्ह्याला अशी चौकट मिळाली नाही. पुराणात त्यांना स्थान नव्हते, म्हणून दशावताराने त्यांना घेतले नाही. संहितेत त्यांना स्थान नव्हते, म्हणून संगीत नाटकाने घेतले नाही. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये मालवणी बोली घेऊन व्यावसायिक रंगभूमीवर आले, तेव्हा पौराणिक नाटक बसवणाऱ्या हौशी गावकऱ्यांची फजिती मुंबईकर प्रेक्षकाने डोक्यावर घेतली. शेक्सपिअरच्या नाटकातील कारागीर मंडळी ज्या गांभीर्याने आणि गोंधळाने आपला खेळ राजापुढे करतात, त्याचीच ही मराठी जात. त्या सुखात्मिकेचा अर्धा भाग अशा रीतीने मराठीत स्वतंत्रपणे घडला. रानातला अर्धा तेवढा राहून गेला.

६

या इतिहासाचा परिणाम आजच्या अध्यापनावर आणि अनुवादावर होतो. 'फेअरी' या शब्दासमोर 'परी' हा प्रतिशब्द ठेवला जातो. ही परी फारसीतून आलेली, आणि रंगमंचावर तिचे रूप लखनौच्या अमानत यांच्या 'इंदरसभा' (१८५३) या नाटकाने व पुढे पारशी रंगभूमीने पक्के केले : देखणी, पंखांची, प्रेमात पडणारी. या शब्दाबरोबर पक हा परक्या कल्पनाविलासाचा नमुना ठरतो आणि संकासुराशी, गिऱ्ह्याशी, वनचराशी असलेले त्याचे नाते विद्यार्थ्याच्या नजरेआड होते. 'यक्ष' हा शब्द योजावा तर मेघदूताचा विरही यक्ष आडवा येतो. वास्तविक यक्ष हा मूळचा झाडापाण्याचा, लहरी, कधी राबणारा तर कधी छळणारा लोकदेव. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा भार जणू खांद्यांवर पेलणाऱ्या यक्षसदृश आकृती आहेत. राबवून घेतलेल्या अतिमानुषाची महाराष्ट्रातील ही एक जुनी प्रतिमा म्हणता येईल. मराठीतील 'जखीण' ही त्याच कुळातील यक्षिणी. शब्द होते; त्यांना जोडणारा प्रयोग मात्र नागर रंगभूमीवर घडला नाही.

आता पहिली अट पूर्ण झाली आहे. या लेण्यांपासून फारशा दूर नसलेल्या इंदिरानगरसारख्या वसाहतींमध्ये चकव्याला लागणारा काळोख राहिलेला नाही. 'चकवणे' हे क्रियापद खेळाच्या मैदानात आणि निवडणुकीच्या वार्तेत सुखेनैव वावरते. भीती ओसरताच अतिमानुष विनोदात उतरतो, हा क्रम येथेही दिसू लागला. बालरंगभूमीवर रत्नाकर मतकरी यांनी 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' यांतून राक्षसाला व चेटकिणीला हास्यात आणले. १९९३ च्या 'झपाटलेला' या चित्रपटातील बाहुल्यात शिरलेला आत्मा घरोघरी लाडका झाला. २०२४ मध्ये कोकणातील मुंजा 'मुंज्या' या विनोदी भयपटाचा नायक-खलनायक झाला. तो हिंदीत बोलतो, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. जे पात्र मराठी नाटककाराच्या हाती येण्याच्या प्रतीक्षेत होते ते पडद्याने आणि शेजारच्या भाषेने उचलले.

एखाद्या परंपरेत काय नाही, याची यादी करून तिचा स्वभाव ठरवणे ही तुलनात्मक समीक्षेतील सोपी वाट आहे. मराठीत पक नाही, या विधानाच्या पोटात तीन निरनिराळ्या घटना दडलेल्या आहेत : सुधारणावादी रंगभूमीने विचारपूर्वक केलेला त्याग, वसाहतकालीन संकलनाने नकळत केलेली गोठवण, आणि लोकरंगभूमीने शंखासुराच्या नावाखाली केलेले जतन. यांतील तिसरी घटना आज सर्वांत धोक्यात आहे. दशावताराच्या प्रयोगांत आडदशावतार आखडता घेतला जातो. आख्यान लवकर सुरू व्हावे म्हणून संकासुराचा प्रवेश पुष्कळदा गाळला जातो. वनचराला घालवताना देवलांच्या पिढीपाशी निदान एक कारण होते. संकासुराला गाळताना वेळेच्या बचतीपलीकडे कोणतेही कारण दिले जात नाही.